आमची वाटचाल: खंड्या गेला, भुरी आली

२०१२च्या दुष्काळात माण तालुक्यातली माणसं गुरं छावणीला नेत होती, तेव्हा आम्ही उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. गाईला घालायला वैरण नव्हती. शेळी बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर निभावते, एवढाच हिशोब. पुढचं सगळं चारचौघांसारखं. आधी आठवडी बाजार, मग वजनावर विक्री, आता पैदाशीचे बोकड. घर चालतं ते बोकडांवर. पण धंदा टिकला तो खंड्यामुळं.

खंड्या धनगरी कुत्रा. लांडगा दिसला की तो त्याच्या मागं सुटायचा नाही, शेळ्यांच्या आणि त्याच्या मधे जाऊन आडवा उभा राहायचा. पाहुण्यांना तो भित्रा वाटायचा. पण लांडगे जोडीनं येतात, एक कुत्र्याला लांब नेतो आणि दुसरा करडू उचलतो, हे धनगराच्या पोराला विचारा. शेळी व्यायला लागली की खंड्या जवळ बसून राहायचा. वार पडली की खाऊन जागा चाटूनपुसून साफ. वास नाही, म्हणजे तरस-लांडग्याला सांगावाही नाही.

दिवाळीनंतर तो गोचीडतापानं गेला. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी. सलाईन, इंजेक्शनं सगळं झालं. त्याच्या वाटची भाकरी सासूबाई पुढं कितीतरी दिवस थापत होत्या.

लांडग्यांना कळायला वेळ लागला नाही. करडं गेली, एक चांगली पाट, म्हणजे तरणी शेळी गेली. वनखातं पंचनामा करतं, भरपाईही देतं, पण ती मेलेल्या जनावराची. बुजलेल्या शेळ्या दूध आटवतात, गाभडतात, ते कुणाच्या कागदावर येत नाही. लांडग्याला मारायचा विचार आमच्या घरात कुणी करत नाही. १९७२च्या कायद्यानं तो गुन्हा आहेच, आणि हा माळ त्याचाही आहे. नामिबियात चित्ते वाचवायला एका संस्थेनं १९९४पासून शेतकऱ्यांना तुर्कस्तानच्या जातीचे राखणदार कुत्रे द्यायला सुरुवात केली. कळप शाबूत राहिला तर शेतकरी बंदूक उचलत नाही, हे त्यामागचं गणित. आमचंही तेच.

सल्ले भरपूर आले. कुणी अल्सेशियन म्हणालं. ती जात मेंढरं वळणारी, शेळ्यांना पळवून पळवून दमवायची. कुणी बुली कुत्रा म्हणालं, ती निव्वळ मिरवायची हौस. एकानं कारवानी आणून बांधला. देखणा, पण ससा दिसला की हा पार नजरेआड आणि मागं शेळ्यांचं वाडगं मोकळं. शिकारीला तो सोनं आहे. राखण हे वेगळं काम.

ओळखीचे धनगरमामा तेव्हा मेंढरांचा वाडा घेऊन कोकणात उतरले होते. जेठात परतल्यावर मी गेले. "मामा, एखादं पिल्लू द्या की."

"ताई, पिल्लू मागू नगा. आई बघा आदी."

वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कडेला कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. कोकरं तिच्या अंगावरून उड्या मारत होती, तिनं डोळासुद्धा उघडला नाही. रस्त्यावर एक अनोळखी मोटारसायकल थांबली, तशी ही पिल्लं झटकून उभी. मामा नुसते हसले. त्यातलीच ही भुरी.

दोन महिन्यांची होती तेव्हाच तिला थेट वाडग्यात ठेवलं, करडांच्या शेजारी, मधे जाळी. घरात घेतली नाही. पोरांना सक्त ताकीद, लाड करायचे ते वाडग्यात जाऊन. या वयात पिल्लू ज्याच्या अंगाला अंग लावून झोपतं त्याला आपलं मानतं. मग ती माणसं असोत की शेळ्या. जाळी काढली तशी थोरल्या शेळीनं तिला दोन ढुशा देऊन कायदा शिकवला. मधे करडांचे कान ओढायची खोड लागली, तेव्हा पुन्हा थोडे दिवस जाळीआड. दीड-दोन वर्षांची होईपर्यंत कुत्र्यावर कळप एकटा सोडायचा नाही, असं मामांचं म्हणणं आहे. म्हणून अजून गडी वाडग्यातच झोपतो.

खाणं भाकरी-ताक, कधी अंडं. कापलेल्या शेळी-मेंढीची कच्ची मुंडी मात्र अजिबात नाही. तिच्यातून कुत्र्याच्या पोटात जाणाऱ्या एका जंतामुळं शेळीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते, शेळी गोल गोल फिरायला लागते आणि मरते. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, रेबीजची लस वर्षाला, आणि गोचिडांसाठी कानाच्या मागं, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवायचा. हे काम सासूबाईंनी स्वतःकडं घेतलंय.

बोकड न्यायला येणारे हल्ली पिल्लूही मागतात. आम्ही कुत्री विकत नाही. मामांचा पत्ता देतो आणि जेठापर्यंत थांबा म्हणतो. थांबायची तयारी फार जणांची नसते.