एस्पोझितो: मूळ पुरुष नसलेलं आडनाव

मंडळी, इटालियन आडनावांच्या कामाची ही पुढची नोंद. या वेळी एकच आडनाव घेऊन बसले होते आणि त्यातच अडकले, म्हणून बाकीची यादी मागे राहिली आहे.

इटलीतल्या आडनावांची क्रमवारी बघितली की वरची नावं ओळखीच्या पठडीतली निघतात. रॉस्सी आणि रुस्सो ही तांबड्या केसांवरून पडलेली, एक उत्तरेकडचं आणि एक दक्षिणेकडचं. फेरारी म्हणजे लोहार. बियांकी गोऱ्यागोमट्यांचं. रंग, धंदा, गाव, बापाचं नाव यांवरून पडलेली आडनावं आपल्याला काही नवी नाहीत. पण बहुतेक याद्यांत फेरारीच्या खाली, चौथ्या जागी, एस्पोझितो येतं. ते लॅटिन ‘एक्स्पोझितुस’वरून आलं. अर्थ बाहेर ठेवलेलं, टाकलेलं मूल. म्हणजे इटलीतलं चौथं सर्वांत मोठं आडनाव हे बेवारस अर्भकांच्या नोंदवहीतून निघालेलं आहे.

मला यात ओढलं भाचीच्या सासऱ्यांनी. ते एस्पोझितोच, टोरांटोत वाढले, त्यांचे वडील नेपल्सजवळून गेलेले. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत त्यांनी भाचीकडे पाहिला, त्यातला वंशवृक्षाचा लांबलचक घडीचा कागद उलगडून बघितला आणि निरोप पाठवला, “मावशींना सांग, आमचंही असं काही जमतंय का बघा.” कुलवृत्तांतात पहिल्या पानावर मूळ पुरुष असतो, खाली शाखा फुटत जातात. मी त्याच सवयीनं कामाला लागले.

नकाशा

पहिलं काम नेहमीचं. कोन्योमिक्स या इटालियन आडनावांच्या वेबसाइटवर आडनाव टाकलं आणि नकाशा उघडला. सगळा गडद रंग कँपानियात, म्हणजे नेपल्सच्या प्रांतात. नेपल्स शहरात तर हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव. उत्तरेला मिलान, तुरीन इथे ठिपके आहेत, पण ते दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतून कारखान्यांकडे गेलेल्या कामगारांचे. ते वगळले तर एकाच शहराभोवती दाट पसरलेलं आडनाव दिसतं. नव्यानं या नादाला लागलेल्यांसाठी सांगते, हे नकाशे मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात. घरात एक लँडलाइन, ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या नावावर. इटलीत बायका लग्नानंतर कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवतात, त्यामुळे आडनाव लावणारी निम्मी माणसं अशा मोजणीतून सहज निसटतात. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे ती तर आहेतच. म्हणून आकडा सोडा, रंग बघा. आडनाव कुठे दाट आहे हे नकाशा बरोबर सांगतो.

रूपांतरंही बघून घ्यावीत. सोरेंतोच्या बाजूला द’एस्पोझितो, सिसिलीत स्पोझितो, बोलोन्याकडे देल्यी एस्पोस्ती. अर्जेंटिनात शेवटी तेच, फक्त स्पॅनिश वळणाचं. तिथली गायिका लाली एस्पोसितो सगळ्यांना माहीत असेल. आइस हॉकी बघणाऱ्यांना फिल आणि टोनी हे भाऊ आठवतील, फुटबॉलवाल्यांना इंटरचा पियो. आणि १८८९मध्ये राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो नेपल्सचा भटारी राफाएले, तोही एस्पोझितोच. (त्या गोष्टीवर इतिहासकारांचा वाद आहे. आडनावावर नाही.)

चाक

आता खरा मुद्दा. नेपल्सच्या फोर्चेल्ला भागात आनुन्त्सियाता नावाची जुनी धर्मादाय संस्था आहे, चर्च, इस्पितळ आणि अनाथाश्रम एकत्र. चौदाव्या शतकापासूनची. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक भोक आणि त्यात लाकडी उभं पिंप बसवलेलं. पिंपाची एक बाजू उघडी. बाहेरून मूल त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, की उघडी बाजू आत जाते. आतली बाई मूल उचलून घेते. बाहेर कोण होतं हे आतल्याला दिसत नाही, आत कोण आहे हे बाहेरच्याला. इटालियनमध्ये याला रुओता म्हणतात, चाक. ते आजही तिथे भिंतीत बघायला मिळतं.

मूल आत आलं की वहीत नोंद. आल्याची वेळ, अंदाजे वय, अंगावर कुठलं फडकं, गळ्यात काही आहे का, सोबत चिठ्ठी आहे का. गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवायचे, त्यावर मादोनाचं म्हणजे मेरीमातेचं चित्र आणि नंबर. नेपल्समध्ये या मुलांना ‘मादोनाची लेकरं’ म्हणत. बाप्तिस्मा नसेल तर तो व्हायचा, नाव मिळायचं, आणि पुढे एस्पोझितो. या वह्या १६२३ पासूनच्या आहेत. म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे निजामशाहीत होते त्या काळापासून तिथे रोजच्या रोज हे आडनाव लिहिलं जात होतं.

सगळी मुलं अनौरस नव्हती. लग्नाच्या घरातली, पण खायला घालणं जमेना म्हणून सोडलेलीही बरीच. एकोणिसाव्या शतकात आनुन्त्सियातात वर्षाला दोन हजारांच्या आसपास मुलं येत. निम्म्याहून अधिक जगत नसत. आत दूध पाजणाऱ्या बायका पुऱ्या पडत नसत, म्हणून शक्य तितक्या लवकर मूल आजूबाजूच्या खेड्यांतल्या दाईकडे पगारावर पाठवलं जाई. जगलं तर पुष्कळदा तिथेच वाढे, तिथेच लग्न करे. नकाशावर नेपल्सच्या भोवतीची खेडीही का गडद आहेत त्याचं उत्तर इथे मिळतं.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. इतकी मुलं मरत असताना आडनाव चौथ्या क्रमांकावर पोचलं कसं? आडनावं सहसा अशी वाढत नाहीत. दोन-चार पिढ्यांत मुलगेच झाले नाहीत की घराणं संपतं, आडनाव बुडतं. फ्रान्सिस गॉल्टन आणि वॉटसन यांनी १८७०च्या दशकात याचं गणितच मांडलं होतं. पण ते गणित एका मूळ पुरुषाचं. एस्पोझितोला दर आठवड्याला नवे मूळ पुरुष मिळत होते, पिढ्यान्‌पिढ्या. एक शाखा बुडाली तर चाक त्याच रात्री दुसरी सुरू करायचं. असं आडनाव बुडायला जागाच नाही.

म्हणून ‘एस्पोझितो घराणं’ ही चीज अस्तित्वात नाही. शेजारी राहणारे दोन एस्पोझितो एकमेकांचे कुणीही नसण्याचीच शक्यता जास्त. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाइटवर लोक उत्साहानं सगळ्या एस्पोझितोंना एका झाडावर लटकवतात. ती झाडं बघून माझं डोकं फिरतं.

इतर दारं

इतर शहरांत तीच रीत, आडनाव निराळं. रोमच्या सांतो स्पिरितो इस्पितळामुळे प्रोयेत्ती, तेही टाकलेल्याच अर्थाचं. सिसिलीत त्रोवातो, सापडलेला. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीनं बांधलेल्या, १४४५मध्ये सुरू झालेल्या संस्थेवरून इनोचेंती. तिथल्या संग्रहालयात आयांनी मुलांसोबत ठेवलेल्या खुणा जपल्या आहेत. पदक मधोमध कापून अर्धं मुलाच्या कपड्यात, अर्धं आईकडे, पुढेमागे ओळख पटवायला. लहान लहान खण ओढून ते बघायचे असतात. जाणाऱ्यांनी चुकवू नये.

मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हावर कबुतर होतं, म्हणून तिथली मुलं कोलोंबो झाली. आज कोलोंबोही इटलीतल्या पहिल्या दहांत आहे, सगळा जोर लोंबार्दीत, म्हणजे मिलानच्या प्रांतात. पण कोलोंबोत एक गोम आहे. कबुतरं पाळणारा, कबुतरासारखा शांत, अशा टोपणनावांवरूनही ते स्वतंत्रपणे पडलं. जेनोव्हाचा दर्यावर्दी क्रिस्तोफोरो कोलोंबो चाकातून आला नव्हता. एस्पोझितोत अशी दुसरी वाट नाही, निदान माझ्या बघण्यात आलेली नाही.

लोंबार्दीच्या याद्या बघताना आणखी एक मजा. मिलानमध्ये चिनी ‘हू’नं ब्राम्बिल्ला या अस्सल मिलानी आडनावाला मागे टाकलंय, आणि ब्रेशाच्या यादीत वरच्या भागात ‘सिंग’ दिसतं. गोठ्यांवर कामाला गेलेले पंजाबी. शे-दोनशे वर्षांनी तिथला कुणी छांदिष्ट सिंगांचा एकच मूळ पुरुष शोधायला बसला तर त्याचीही अशीच गत होईल.

कागद

कामाचं तंत्र, कारण बऱ्याच जणांना तेच हवं असतं.

नेपल्सच्या राज्यात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदी १८०९ पासून सुरू होतात, नेपोलियनच्या कायद्यानं. त्यांचा मोठा भाग अँतेनाती या सरकारी पोर्टलवर फुकट बघता येतो. नावानं शोध सगळीकडे चालत नाही, वही उघडून पानं उलटावी लागतात. प्रत्येक वर्षाच्या वहीच्या शेवटी बहुधा नावांची सूची असते, ती आधी गाठा. टाकलेल्या मुलांचे जन्म नेहमीच्या वहीत सापडले नाहीत तर ‘दिव्हेर्सी’ म्हणजे संकीर्ण भाग बघा.

दुसरी गोष्ट तारखेची. १८१४मध्ये नेपोलियनचा मेव्हणा आणि नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा यानं हे आडनाव द्यायला बंदी केली. कपाळावर शिक्का मारल्यासारखंच होतं ते. त्यानंतर कारकून मंडळी संतांवरून, सणांवरून, महिन्यांवरून, कधी मनाला येईल तशी अक्षरं जुळवून आडनावं पाडू लागली. कागदावरचा हुकूम गावोगाव एका दिवसात पोचला नसणार, पण अंदाज बांधायला उपयोगी पडतो. आजच्या बहुतेक नेपल्सवासी एस्पोझितोंचा चाकातला पूर्वज म्युराच्या आधीचा. चाक त्यानंतरही फिरत राहिलं. फेर्रारानं १८६७मध्ये आपलं बंद केलं, नेपल्सचं १८७५मध्ये थांबलं.

तिसरी गोष्ट अक्षराची. वहीत नावापुढे ‘एस्पोझितो’ दिसलं म्हणजे ते आडनावच असेल असं नाही. ते नुसतं वर्णनही असतं, टाकलेलं मूल एवढंच. त्याच माणसाचं लग्न किंवा मृत्यू सापडला आणि तिथेही तेच असलं, तरच आडनाव धरा.

आता आमची केस. टोरांटोहून मागे येत व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या गावापर्यंत सरळ आले, मग विवाहाच्या जोडकागदांनी हात दिला. त्या काळात नवऱ्याचा बाप वारलेला असेल तर बापाच्या मृत्यूचा दाखला, शिवाय बापाच्या बापाचाही, अर्जासोबत लावावा लागे. त्यामुळे एका लग्नात तीन पिढ्या मिळतात, आणि आजोबा १८०९च्या आधी गेलेले असले तर त्यांच्यासाठी पाद्र्यानं चर्चच्या वहीतून काढून दिलेला उतारा असतो. १८२९च्या एका लग्नात असा उतारा निघाला. कागद तपकिरी, घडीवर फाटलेला, खाली चर्चचा शिक्का. आजोबांचं नाव, आडनाव एस्पोझितो, वय साधारण साठ, आणि आईबापांच्या जागी ‘अज्ञात’. पुढे ओळभर मजकूर, आनुन्त्सियाताचा उल्लेख, आणि कुठल्या गावी वाढला ते.

भाचीच्या सासऱ्यांना कळवलं तेव्हा जरा जपूनच लिहिलं होतं. एक पिढी अशी होती की इटलीत कागदावर बापाच्या नावाऐवजी ‘एन. एन.’ लिहिलेलं असणं म्हणजे शरमेची गोष्ट. ती पद्धत १९५५च्या कायद्यानं काढून टाकली. पण त्यांना काही वाटलं नाही. “नेपल्सच्या बाहेर राहूनसुद्धा हे आम्हाला ठाऊकच आहे,” म्हणाले. “दाई कुठल्या गावची होती तेवढं शोधा.” माझ्यापेक्षा त्यांचा प्रश्न चांगला आहे.

डीएनएचं विचारणाऱ्यांना: आडनाव जुळलं म्हणून नातं धरू नका, आधी आईकडच्या बाजू तपासा. उलट बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी इथे कामाची आहे, पण जुळणी निघेल ती बहुधा भलत्याच आडनावाच्या माणसाशी. चाकाच्या पलीकडे रस्त्यावर कोण उभं होतं त्याचा माग लागला तर तिथूनच. सासऱ्यांनी किट मागवलंय.

पुढचं काम दोन टोकांनी. आनुन्त्सियाताच्या वह्यांत मूल कुठल्या दाईला दिलं ते लिहिलेलं असतं, त्यासाठी अर्ज पाठवायचाय. आणि पाद्र्याच्या उताऱ्यातलं गावाचं नाव लावायचंय. एकोणिसाव्या शतकातलं नेपल्सकडचं हस्ताक्षर वाचायची सवय कुणाला असेल तर सांगा, चित्र पाठवते. शाई पसरलीय, सुरुवातीचं ‘सान’ तेवढं स्वच्छ लागतं. आता त्या डोंगराभोवती सान जोर्जो आहे, सान सेबास्तियानो आहे, सान्तानास्तासिया आहे, आणि जुन्या वाड्या धरल्या तर आणखी कितीतरी.