“ताई, आज रात्रीच घ्यायचंय”

सोमवार, २७ जानेवारी २०२५. आपला सेन्सेक्स आठशेहून जास्त अंकांनी पडून बंद झाला होता आणि गुंतवणूक सल्लागार म्हणून माझा फोन दिवसभर थांबत नव्हता. रात्री अमेरिकेचा बाजार उघडला, तेव्हा डीपसीक या चिनी एआय कंपनीचा खरा धसका दिसला. हांगझोच्या या कंपनीने तुलनेने फार कमी खर्चात एआय मॉडेल तयार केल्याचा दावा केला होता. मग एवढ्या महागड्या चिप्स घेणार कोण? या एका शंकेवर एआयच्या चिप्स विकणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर त्या दिवशी १७ टक्के कोसळला. जवळपास ६०० अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं.

नऊच्या सुमारास एका क्लायंटचा फोन आला. पुण्यात आयटीत, पस्तिशीचा, बायकोही नोकरी करणारी.

“ताई, आज रात्रीच घ्यायचंय. एनव्हिडियात पंचवीस लाख. हा भाव परत मिळायचा नाही.”

पंचवीस लाख कुठले, ते मला माहीत होतं. बाणेरच्या फ्लॅटच्या उरलेल्या हप्त्यांची एफडी. ती मीच करायला लावली होती.

कंपनीवरून मी वाद घातला नाही. चिप्समधलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एवढंच विचारलं, “आज रात्री घेणार कसे?” परदेशी खात्यात डॉलर नव्हते. बँकेचे फॉर्म भरून पैसे पोचायला एक-दोन दिवस जाणार. शिवाय एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, तेव्हा वर्षाला सात लाखांपुढे २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) होता, म्हणजे अठरा लाखांवर ३ लाख ६० हजार. ते रिटर्न भरताना वळते होतात, पण तोवर अडकतात, आणि बिल्डर टीसीएसचं सर्टिफिकेट हप्ता म्हणून घेत नाही.

मग तो इथल्या नॅस्डॅक ईटीएफवर आला, म्हणजे अमेरिकेच्या नॅस्डॅक निर्देशांकात पैसे घालणाऱ्या आणि शेअरसारख्या बाजारात मिळणाऱ्या फंडावर. फंडांची परदेशी गुंतवणुकीची मर्यादा भरल्याने नवी युनिट्स निघत नव्हती, त्यामुळे बाजारातली युनिट्स एनएव्हीपेक्षा (युनिटच्या मूळ किमतीपेक्षा) बऱ्याच चढ्या भावाने जात होती. स्वस्त मिळतंय म्हणून धावायचं आणि दारातच जादा पैसे मोजायचे!

एवढ्यात बायकोने फोन घेतला. “अजून निम्मा झाला तर?” २०२१च्या अखेरीपासून वर्षभरात एनव्हिडियाचाच शेअर साठ टक्क्यांहून जास्त पडला होता, हे मी सांगितलं. मग इंटरनेटची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचं सांगितलं. मार्च २००० मध्ये ती जगातली सर्वांत मोठी कंपनी होती, भाव ८० डॉलरच्या आसपास. इंटरनेट येणार हा लोकांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. सिस्कोची विक्रीही पुढे जवळजवळ तिप्पट झाली. तरी २००२ मध्ये शेअर दहा डॉलरखाली होता आणि आम्ही बोलत होतो त्या रात्रीपर्यंत जुना भाव परत आला नव्हता. “पंचवीस वर्षं?” त्याने मागून विचारलं. मी म्हटलं, बिल्डर तर पंचवीस दिवसही थांबणार नाही.

ठरलं ते असं: एफडीला हात लावायचा नाही. बोनस आणि बचतीतून सहा लाख, दोन-दोन लाखांच्या तीन हप्त्यांत, फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये. त्याला ते फारच मिळमिळीत वाटलं. (खरं सांगायचं तर, एका शेअरमध्ये सहा लाखही मला जास्तच वाटत होते.)

फेब्रुवारीचा हप्ता गेला. एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर शेअर १०० डॉलरच्या खाली आला, म्हणजे जानेवारीतल्या त्या रात्रीपेक्षाही बराच स्वस्त. मी आठवण केली. “आता जरा बघू, ताई. वातावरण ठीक नाहीये.” तो हप्ता गेलाच नाही. जूनचा गेला, खूप वरच्या भावाने.

जुलैत एनव्हिडिया बाजारमूल्याने चार लाख कोटी डॉलरची झाली, ऑक्टोबरच्या अखेरीस पाच. त्या दिवशी त्याचा फोन आला. फ्लॅटचे हप्ते वेळेवर चाललेत हे आधी सांगितलं, मग म्हणाला, “पण ताई, तेव्हा पंचवीस टाकले असते तर?”

मी एप्रिलच्या हप्त्याचं विचारलं.

“ते वेगळं होतं हो,” तो म्हणाला.