होम्सचं मूळ गाव

वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा स्कॉटलंडच्या एडिंबरात झिमझिम पाऊस होता. आपल्यासारखाच, फक्त आडवा. छत्री उघडली की उलटी होते हे दोन मिनिटांत कळलं. नवरा किल्ल्याकडे वळला, मी विरुद्ध दिशेला. किल्ले काय, सह्याद्रीत ढिगाने आहेत. मला शेरलॉक होम्सला भेटायचं होतं.

हे वेड पाचवीतलं. शाळेच्या वाचनालयात पुठ्ठा सुटलेलं एक मराठी भाषांतर होतं आणि कुणा हलकटाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. तरी मी ते तीनदा वाचलं. पुढे मूळ इंग्रजी हातात आलं, तर पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात डॉक्टर वॉटसन मुंबई बंदरात उतरतो! घरभर सांगत सुटले होते.

लोक होम्ससाठी लंडनला जातात, बेकर स्ट्रीटवर रांग लावतात. पण होम्सला जन्म देणारा लेखक आर्थर कॉनन डॉयल जन्मला तो इथे, ११ पिकार्डी प्लेसमध्ये, २२ मे १८५९ रोजी. घर आता नाही, कधीच पाडलं. समोर टोपी-झग्यातला ब्राँझचा होम्स उभा आहे. पुतळा १९९१चा. ट्रामच्या कामापायी त्याला दोनदा उचलून गोदामात ठेवलं, २०२३मध्ये तो परत आला. हातातल्या पाइपवर फ्रेंचमध्ये कोरलंय, ‘हा पाइप नव्हे’, चित्रकार माग्रितच्या पाइपच्या चित्रावरचं प्रसिद्ध वाक्य. मागून ट्राम घंटी वाजवत जाते आणि हा मान खाली घालून विचारात. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत काकांचा मेसेज: ‘छान. मूळ गाव कोणतं ह्यांचं?’

आमचे काका गेली वीस वर्षं घराण्याचा कुलवृत्तांत करतायत. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच. एरवी मी दुर्लक्ष करते, पण या वेळी प्रश्न बरोबर बसला होता. डॉयल हे एडिंबराचे नव्हतेच. आयरिश कॅथलिक.

आजोबा जॉन डॉयल डब्लिनचे. लंडनला जाऊन राजकीय व्यंगचित्रं काढून नाव कमावलं. त्यांचा एक मुलगा रिचर्ड, ‘पंच’ साप्ताहिकाचं मुखपृष्ठ त्याचं. ते शंभरेक वर्षं तसंच छापलं गेलं. दुसरा हेन्री डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाचा संचालक झाला. आणि तिसरा चार्ल्स, आर्थरचा बाप. हा सतरा वर्षांचा असताना एडिंबराच्या सरकारी बांधकाम खात्यात चिकटला. एका आयरिश विधवेकडे भाड्याने राहिला आणि १८५५मध्ये तिच्याच मुलीशी, मेरी फोलीशी, लग्न केलं. फोली म्हणजे काउंटी वॉटरफर्डमधल्या लिसमोरकडचे. या मेरीबाईंना वंशावळीचा भारी नाद. आपलं रक्त कुठल्या सरदाराला जाऊन मिळतं हे त्या लेकाला घोकून घ्यायला लावत. काकांशी त्यांचं झकास जमलं असतं.

मग म्हटलं, इथले बाकीचे आयरिश कुठे राहत? काउगेटमध्ये. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर आलेल्या गरिबांची वस्ती, तिला ‘छोटं आयर्लंड’च म्हणत. मॅप लावून साउथ ब्रिजवरून निघाले. फोन म्हणाला, तुम्ही काउगेटवर पोचलात. आजूबाजूला दुकानं, बसगाड्या, काउगेट कुठेच नाही. दोन फेऱ्या मारल्या. शेवटी इमारतींच्या मधल्या फटीतून कठड्यावरून खाली वाकले, तर गल्ली पार तळाशी! पुलाच्या कमानीखालून जाणारी. शहरावर शहर. वरच्यांना खालचे दिसूच नयेत अशी सोय म्हणा.

एका उतरत्या बोळातून खाली गेले. ओल्या दगडाचा आणि बिअरचा वास. इथल्याच सेंट पॅट्रिक चर्चच्या पोरांनी १८७५मध्ये हिबर्नियन हा फुटबॉल क्लब काढला. हिबर्निया म्हणजे लॅटिनमध्ये आयर्लंड. जर्सी आजही हिरवी. पुढे जॉर्ज चौथ्याच्या पुलाखाली भिंतीवर एक पाटी आहे: जेम्स कॉनली, जन्म ५ जून १८६८, १०७ काउगेट. याचा बाप पालिकेची शेणखताची गाडी हाकायचा. डब्लिनमधल्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावाच्या पुढाऱ्यांपैकी हा एक. जखमी होता, उभं राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. आयर्लंडचा हुतात्मा, आणि बोलायचा एडिंबराच्या हेलात.

पाटीखाली कुणीतरी सायकल टेकवली होती. मी उगाच ती ओली होतेय का बघत उभी राहिले.

डॉयल तेव्हा इंग्लंडात, ‘सर’ झालेला. पण त्याच उठावापायी रॉजर केसमेंटला फाशीची शिक्षा झाली, तेव्हा दयेच्या अर्जासाठी धावपळ केली ती यानेच. अर्ज फेटाळला गेला.

दुपारी सर्जन्स हॉलचं संग्रहालय. डॉयल इथे डॉक्टरकी शिकला, तेव्हाचे त्याचे गुरू डॉक्टर जोसेफ बेल यांच्यासाठी गेले होते. डॉयलच सांगतो तो किस्सा: एक अनोळखी रुग्ण आत आला, बेल म्हणाले, तू सैन्यातून नुकताच सुटलास, बार्बाडोसला होतास. माणूस नम्र, पण टोपी काढली नाही, म्हणजे पलटणीतली सवय अजून गेलेली नाही. आणि झालेला हत्तीरोग स्कॉटलंडचा नव्हे, वेस्ट इंडीजचा. होम्स इथून निघाला. त्याच दालनांत विल्यम बर्कच्या कातडीचं पाकीट ठेवलंय. हाही आयर्लंडचाच. १८२८मध्ये जोडीदाराबरोबर सोळा खून करून प्रेतं शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. पाकीट तपकिरी, आपल्या बाबांच्या जुन्या पाकिटासारखं. फार वेळ बघवलं नाही.

संध्याकाळी नवरा कॉफी आणायला गेला तेव्हा फोनवर १८८८च्या आवृत्तीतली चित्रं शोधली. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ पुस्तकरूपात आलं तेव्हा सहा चित्रं काढली होती चार्ल्स डॉयलने. बाप तोवर दारूपायी मनोरुग्णालयात होता. त्याच्या चित्रातल्या होम्सला चक्क दाढी आहे. तशीच लांबट, खंगलेली दाढी चार्ल्सच्या स्वतःच्या फोटोत दिसते.

मग काकांना सविस्तर लिहिलं: वडिलांकडून डब्लिन, आईकडून लिसमोर, काउंटी वॉटरफर्ड. धंदा चित्रकला, एक डॉक्टर.

उत्तर लगेच आलं. ‘गोत्र?’