अ‍ॅम्प बसला, पण ती कुंई काही जाईना

गाडीच्या दरवाजाचे पॅड काढणं, जुने स्पीकर उतरवणं, नवे बसवणं, स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प जोडणं हे सगळं फिटरने एका दुपारीच उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं डोकं खाल्लं ते नंतरच्या एका कुंईने.

इंजिन बंद असताना गाणं लावलं की एकदम झकास. इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बारीक कुंईईई, अ‍ॅक्सिलेटर दाबला की चढते, सोडला की उतरते, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आहेच, कानाशी डास असावा तशी.

फिटरकडे गेलो तर म्हणे, "नवीन आहेत साहेब, थोडे वाजू द्या, सेट होतील." अहो, आवाज इंजिनबरोबर चढतोय म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आहे, तो काय सेट होणार? दुसऱ्यांदा गेलो तर त्याने गेन कमी करून दिला, कुंई कमी झाली आणि गाणंही मेलं. (गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओच्या आउटपुटशी अ‍ॅम्प जुळवायला असतो तो.) तिसऱ्यांदा नॉईज फिल्टर गळ्यात मारायला निघाला, तेव्हा मात्र मी गाडी घेऊन घरी आलो.

अ‍ॅम्प बंद करून आरसीए केबल (स्टिरिओकडून अ‍ॅम्पला गाण्याचा सिग्नल नेणारी) काढली, परत चालू केला तर कुंई गायब. म्हणजे ग्राउंड लूप, स्टिरिओ आणि अ‍ॅम्पचं ग्राउंड (निगेटिव्हची जोडणी) सारखं नसलं की आरसीएतून आवाज शिरतो तो प्रकार. मल्टिमीटरचं एक टोक अ‍ॅम्पच्या ग्राउंडला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, इंजिन चालू, गाणं जोरात, आणि काट्यावर जवळपास अर्धा व्होल्ट! तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. ग्राउंड वायरचा सीटखालचा बोल्ट काढला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा चकचकीत, त्यावर वॉशरचा गोल ठसा तेवढा. पठ्ठ्याने रंगावरच वायर आवळलेली, वर हातभर जास्तीची वायर गुंडाळून टेपने बांधलेली. पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, पॉवरच्या वायरएवढ्याच जाडीची वीतभर वायर लावली, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस. हे सगळं करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, हे मी विसरलो होतो आणि एक ठिणगी बघून आठवलं.

नव्वद टक्के कुंई तिथेच गेली. उरलेली आरसीए आणि पॉवर वायर एकाच बाजूने नेल्यामुळे होती, आरसीए दुसऱ्या बाजूने ओढली.

हां, फ्यूज बॅटरीपासून वीत-दोन वितींच्या आतच हवा, अ‍ॅम्पजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर जळेल. अ‍ॅम्प घेताना खोक्यावरचा मॅक्स वॉटचा मोठा आकडा बघू नका, आरएमएस (सतत देऊ शकेल ती पॉवर) बघा. आणि बेस पोकळ वाटला तर एखाद्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं आहे का बघा, माझं डावीकडचं होतं, तेही त्याचीच कृपा.

आता सिग्नलला थांबलो की मुद्दाम व्हॉल्यूम शून्यावर नेतो आणि अ‍ॅक्सिलेटर दाबून बघतो. बायको म्हणते, पुरे झालं आता.