मुलींना विचारलं का कुणी?

स्काऊट-गाईडमधल्या गाईडचं काम करणाऱ्या कुठल्याही बाईला सध्या "कसं काय चाललंय" असं विचारू नका, तुमचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. परवा साताऱ्यात पोवई नाक्यावर आम्ही काही कॅप्टन, म्हणजे मुलींची पथकं चालवणाऱ्या बायका, चहाला बसलो होतो आणि दुसरा चहा आला तरी लिंक, फॉर्म, फोटो, ओटीपी याच्यापुढे गाडी सरकेना. मुलींचा विषय एकीनेही काढला नाही, मीपण नाही. हे काही बरोबर वाटलं नाही म्हणून लिहितेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ नोव्हेंबर १९५० ला देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झालं, मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ ला त्यात आली. दहा वर्षांपर्यंतच्या बुलबुल, त्यापुढच्या गाईड, आणि कॉलेजच्या वयाच्या रेंजर. बहुतेक पथकं शाळेत असतात आणि तिथल्या बाईच कॅप्टन असतात. माझं पथक शाळेतलं नाही, शाहूपुरीतल्या आणि आजूबाजूच्या पोरी रविवारी सकाळी मैदानावर जमतात. मी शिक्षिका नाही. लोक विचारतात मानधन किती मिळतं, तर काहीच नाही. उलट सुतळी, बँडेज, चार्ट पेपर, सगळं खिशातून, आणि रविवारी नवऱ्याने स्वतःचा चहा स्वतः करायचा ही त्यांची वर्गणी.

पैशाचं दुःख नाहीच मुळी. दुःख वेगळंय.

गाईडिंगमध्ये सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो, त्यांच्यातलीच एक संघनायिका. आणि सगळ्या संघनायिका कॅप्टनबरोबर बसतात त्याला म्हणतात कोर्ट ऑफ ऑनर. पुढच्या महिन्यात काय करायचं, हाईक कुठे न्यायची, जमलेले पैसे कशावर घालायचे, सारखी उशिरा येणारीचं काय करायचं, हे सगळं बारा-तेरा वर्षांच्या पोरी ठरवणार आणि कॅप्टनने तोंड मिटून बसायचं. हे तोंड मिटून बसणं किती अवघड असतं ते आयांना कळेल. आमच्याकडे एकदा अजिंक्यताऱ्याच्या हाईकला बिनभांड्याचा स्वयंपाक ठरला, म्हणजे काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजायची, वांगी-कांदे-बटाटे राखेत पुरायचे. तर एका संघाचं म्हणणं मॅगी करू, दुसऱ्याचं म्हणणं मग भांडं लागणार, तिसरा संघ म्हणे आम्ही अंडं चिखलात लिंपून भाजणार आणि मग शाकाहारी मुलींची निखाऱ्याची जागा वेगळी पाहिजे, असा गोंधळ. मी न राहवून मधे बोलायला गेले तर एक पोरगी, जी वर्गात हजेरीलासुद्धा नीट आवाज काढत नाही असं तिची आई सांगते, ती उठून म्हणाली "ताई थांबा जरा, आमचं ठरतंय." ठरलं पण. कणीक अर्धी कच्ची, अर्धी कोळसा, आणि सगळ्यांनी खाल्ली.

एवढ्यासाठी मी हे काम करते. बाकी गाठी, शिट्टीचे संकेत, झोळी बांधणं, काठ्या बांधून भांड्यांचा स्टँड करणं, हे सगळं छानच आहे पण ते यूट्यूबवर पण मिळतं.

आता काय होतं सांगते. आता महिन्याचा कार्यक्रम वरून तयार होऊन येतो. या आठवड्यात अमुक दिवस साजरा करा, पुढच्या आठवड्यात तमुक अभियान, मग प्रभातफेरी, मग पोस्टर, घोषवाक्यं, शपथ. विषय वाईट नसतात हो, झाडं, पाणी, प्लास्टिक, कोण नाही म्हणेल. पण मुलींना त्यात ठरवायला काय शिल्लक राहतं? बॅनर धरायला डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, बस्स. आणि बॅनर तर पाहिजेच कारण फोटो पाहिजे, फोटो जिओटॅगवाला पाहिजे, त्यात तारीख दिसली पाहिजे, आणि तो संध्याकाळी पाचच्या आत लिंकवर गेला पाहिजे. एकदा पोरींनी चार भिंती या इथल्या टेकडीवरच्या स्मारकाच्या वाटेवर मागकाढणीचा खेळ रचला होता, दगडाच्या खुणा कुठे, चिठ्ठ्या कुठल्या झाडाला, होकायंत्र कुणाकडे, कितीतरी दिवस वहीत नकाशे चालले होते. शनिवारी रात्री दहानंतर ग्रुपवर मेसेज, उद्या सकाळी आठला सर्व पथकांनी गणवेशात रॅलीस उपस्थित राहावे. झालं. खेळ गेला. नंतर कधीतरी करू म्हणाले, पण पोरींचा उत्साह म्हणजे काय फ्रीजमध्ये ठेवायची वस्तू आहे का.

नोंदणीचं तर विचारूच नका. पूर्वी एक छापील फॉर्म, नावं, फी, सही, विषय संपला. आता प्रत्येक मुलीचा फोटो, आधार, मोबाईल आणि ईमेल. अकरा वर्षांच्या पोरीचा ईमेल! माझ्या पथकातल्या निम्म्या पोरींच्या घरी फोन एकच आणि तो आईबरोबर एमआयडीसीत कामावर गेलेला. ओटीपी तिथे जाणार, तिला मशीनवर फोन काढायची परवानगी नाही, जेवणाच्या सुट्टीत ती बघणार, तोवर ओटीपी मेलेला. मग रात्री नऊनंतर एकेका घरी फोन करत बसायचं. मला कॉम्प्युटर येतो म्हणून निभावतं, पण आमच्यातल्या एक बाई, ज्यांच्या हाताखाली मी कॅप्टनच्या बेसिक कोर्सच्या आधी कितीतरी शिकले, ज्या डोळे मिटून बोलाइनची गाठ बांधतात आणि रानात कुठलं लाकूड ओलं असून पेटतं ते सांगतात, त्यांनी यंदा पथक सोडलं. कारण काय तर पासवर्ड. त्यांना नीट निरोपसुद्धा कुणी दिला नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

शिबिरांचंही तसंच. मुक्कामाचं शिबिर हळूहळू एका दिवसाचं झालं, तंबूच्या जागी मंगल कार्यालयाचा हॉल आला, स्वयंपाकाला केटरर. एका शिबिरात शेकोटीच्या जागी क्रेप पेपरच्या ज्वाळा आणि आत पिवळा बल्ब लावलेला बघितला मी. त्याच्याभोवती पोरी शेकोटीगीतं म्हणत होत्या बिचाऱ्या, आणि बल्बची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मी तिथे उभी.

तर ही सगळी रड मी माझ्या धाकट्या नणंदेला फोनवर सांगत होते. ती न्यू जर्सीत असते, नोकरी सांभाळून तिकडच्या गर्ल स्काऊट्सची ट्रूप लीडर आहे, तीपण बिनपगारीच. मला वाटलं ती म्हणेल तुमच्याकडे असंच असतं. ती एवढ्या जोरात हसली की विचारू नका. म्हणाली, वहिनी, तुम्ही माझीच गोष्ट मला सांगताय.

त्यांची संघटना १२ मार्च १९१२ ला ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी जॉर्जियातल्या सव्हानामध्ये १८ मुली घेऊन सुरू केली. फार मोठा पसारा, कुकीज विकणाऱ्या मुली म्हणून आपल्यालाही माहीत असतात. २००८ मध्ये तिकडे 'जर्नीज' नावाचा नवा कार्यक्रम आला, प्रत्येक वयोगटाला पुस्तकं, एका विषयाभोवती बांधलेली, आणि २०११ मध्ये बॅजेस पण बदलले. हिच्या आधीच्या जुन्या लीडर बायका अजून कुरकुरतात की मुली म्हणायच्या, हे तर शाळेसारखंच आहे, दिवसभर शाळेत बसून परत इथे पुस्तक का. त्याच सुमारास तीनशेच्या वर असलेली स्थानिक कौन्सिलं एकत्र करून एकशे बाराच्या आसपास आणली, म्हणजे काही अडलं तर ओळखीची बाई ऑफिसात असायची तिच्या जागी लांबचा कुणीतरी. आणि आता मीटिंगचे तयार आराखडे ऑनलाइन मिळतात, त्यात लीडरने काय बोलायचं तेसुद्धा वाक्यावाक्याने लिहिलेलं असतं. नवीन लीडरला बरं पडतं हे ती मान्य करते, पण म्हणते की मग मुलींनी काय ठरवायचं, कागदावर तर "मुलींच्या पुढाकाराने" असं लिहिलेलं असतं.

त्यात फी. वर्षाला २५ डॉलर होती ती २०२६ च्या सभासदत्वाला ४५ आणि २०२७ ला ६५ करायचं ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरलं. तिचं म्हणणं फी वाढली त्याचं एवढं नाही, पण तिच्या ट्रूपमध्ये एका घरातल्या तिघी बहिणी आहेत त्यांच्या आईला हे तिने समजावायचं, म्हणजे ठरवणारे वेगळे आणि तोंड द्यायला लीडर. मी म्हटलं, निदान तुमच्याकडे प्रतिनिधी बसून मतदान तरी करतात, आम्हाला थेट "कळविण्यात येते" असं येतं. यावर दोघींचं एकमत झालं, नणंद-भावजयीचं एकमत, लिहून ठेवण्यासारखी गोष्ट.

कुकीजवरून मला आमची खरी कमाई आठवली. मुलींनी स्वतः काम करून पैसे मिळवायचे हा गाईडचा जुना उपक्रम. साताऱ्यात ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागत नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हापासून कमवा आणि शिका इथल्या पाण्यातच आहे. माझ्या पोरी दिवाळीत उटणं आणि रंगवलेल्या पणत्या विकायच्या, हिशेबाची वही त्यांची, नफ्यातून काय घ्यायचं ते कोर्ट ऑफ ऑनरमध्ये. एका वर्षी त्यांनी दोऱ्या न घेता कढई घेतली, मला पटलं नव्हतं, पण ती कढई अजून आहे. अमेरिकेत एका कुकीच्या डब्यातून ट्रूपच्या हातात थोडेच पैसे येतात, बाकी कुकीज बनवणाऱ्या बेकरीकडे आणि कौन्सिलकडे जातात, पण निदान ते कशावर खर्च करायचे ते ट्रूप ठरवतो. आमच्याकडे आता पालक फी भरतात आणि खरी कमाई म्हणजे एका दुपारचा स्टॉल आणि त्याचा फोटो.

आता सगळंच नवीन वाईट असं म्हणणारी मी नाही. पालकांचं संमतीपत्र, मुक्कामाला दोन तरी बायका हव्यात, मुलीशी एकटीने बंद खोलीत बोलायचं नाही, हे नियम पाहिजेतच, आमच्या लहानपणी नव्हते ते काय फार चांगलं होतं असं नाही. मोठ्या मुलींना गणवेशात सलवार-कमीज चालू झाल्यावर गळती कमी झाली हे मी डोळ्यांनी बघितलंय. गाईडांच्या जागतिक संघटनेचा सर्फ स्मार्ट म्हणून इंटरनेटच्या सुरक्षिततेचा कार्यक्रम आहे, तो आम्ही घेतला तर पोरी उठायला तयार नाहीत, कारण त्यात त्यांनीच एकमेकींना सांगायचं होतं की अनोळखी माणसाचा मेसेज आला तर काय केलं. तोही बाहेरूनच आलेला कार्यक्रम ना? पण पोरींना बोलायला जागा होती.

आणि पोरी गेल्या तर त्यांना जायला जागा आहेत हे लक्षात घ्या. सातारा म्हणजे फौजी जिल्हा. इथल्या सैनिक स्कूलमध्ये, देशातलं पहिलं, १९६१ चं, आता मुलींनाही प्रवेश मिळतो, एनसीसी आहे, कराटे आहे, कबड्डी आहे. माझ्याकडे येणाऱ्या नवीन पालकांचा पहिला प्रश्न असतो दहावीला सवलतीचे गुण मिळतात का. मिळतात, गाईडच्या राज्य पुरस्कार-राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत गेली तर. पण गुणांसाठी आलेली पोरगी गुण मिळाले की जाते, आणि हाईकसाठी आलेली पोरगी रेंजर होऊन परत येऊन धाकट्यांना शिकवते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिल्या महिन्यातच ओळखता येतं.

एक गोष्ट सगळे विसरतात. ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांचा स्काऊट मेळावा होता, तिथे काही मुली स्वतःहून गणवेश करून येऊन उभ्या राहिल्या आणि स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलना म्हणाल्या की आम्हालाही हे पाहिजे. पुढच्या वर्षी गर्ल गाईड्स सुरू झालं. कुठलं परिपत्रक निघालं नव्हतं, त्या मुलींनीच ठरवलं होतं, आणि आज जगभरातल्या गाईडांसाठी आपल्या पुण्यात १९६६ पासून 'संगम' हे जागतिक केंद्र उभं आहे ते त्या आगाऊ पोरींमुळेच.

म्हणून आम्ही काही कॅप्टननी मिळून एक पत्र लिहिलंय. भाषा सौम्य ठेवलीये, माझा पहिला मसुदा बाकीच्यांनी हाणून पाडला. मागणं एवढंच की महिन्यातले दोन रविवार वरून काही पाठवू नका, ते मुलींचे राहू देत, जे पाठवाल ते निदान आठवडाभर आधी पाठवा, आणि ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्या जुन्या कॅप्टनची नोंदणी कागदावर घ्यायची सोय ठेवा. पत्रात संघनायिकांच्या पण सह्या घ्यायच्या की नाही यावर आमच्यात वाद चाललाय. एकीचं म्हणणं मुलींना यात ओढू नये, माझं म्हणणं त्यांना न विचारता पत्र पाठवलं तर आपण पण तेच केलं की. येत्या रविवारी कोर्ट ऑफ ऑनरमध्ये हा विषय ठेवतेय. कोरेगाव, कराड, वाई, फलटणकडच्या कुणी कॅप्टन हे वाचत असतील तर कळवा, पत्र पुढच्या महिन्यात जाईल.