अशोकमामा, आज रडवलंत

आज दुपारी आईबाबांसोबत घरी 'वेड' बघितला. लोक रितेश-जिनिलियासाठी बघतात, बरोबरच आहे, पण मला पूर्ण वेळ दिसत होते ते अशोक सराफ. दारूच्या नादी लागलेल्या पोराचा बाप. मुलाकडे बघतानाची ती नजर, त्यात राग आहे, काळजी आहे आणि आता बोलून तरी काय उपयोग हेही आहे, आणि हे सगळं फारसं काही न बोलता! बाबा तर मधेच चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

हा तोच माणूस ना, ज्याने १९७५ च्या 'पांडू हवालदार'पासून महाराष्ट्राला हसवलं आणि १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी'तला धनंजय माने म्हणून आपल्या घरातलाच झाला? पण खरं सांगू का, हा गंभीर नट काही म्हातारपणी उगवलेला नाही. १९९१ चा 'चौकट राजा' आठवा, त्यातला गणा. नंदूवर जीव टाकणारा दोस्त. नंदू झालेल्या दिलीप प्रभावळकरांच्या कामाचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे, पण गणाबद्दल लोक कमी बोलतात याचं मला फार वाईट वाटतं.

हिंदीवाल्यांनी त्यांना 'करण अर्जुन'मधला मुनशी वगैरेच दिलं, तेही त्यांनी लक्षात राहील असं केलं. २०२५ ला पद्मश्री मिळाली, उशिराच मिळाली असं माझं स्पष्ट मत आहे. मामा, आता असे बापाचे, आजोबांचे रोल अजून खूप करा, आम्ही तिकीट काढून थेटरात येतो.