आपदा मित्रचं ट्रेनिंग आणि आमच्या गल्लीची यादी : माझा अनुभव

२६ जुलै २००५ला मी दहावीत होते, आम्ही कुर्ल्यात मिठी नदीपासून चालत पाच मिनिटांवर राहतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला हे नंतर कळलं, त्या दिवशी कळलं ते एवढंच की पाणी खाटेच्या वर आलंय आणि शेजारच्या आजी चालू शकत नाहीत. चार पोरांनी दरवाजा बिजागरीतून काढला, आजींना त्यावर झोपवलं आणि छातीएवढ्या पाण्यातून शाळेत नेलं. ती पोरं घरी होती म्हणून आजी वाचल्या, हे माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

म्हणून आपदा मित्रचं कळल्यावर लगेच नाव दिलं. आपत्तीत मदत करायला गल्लीतल्याच लोकांना शिकवायचं, ही एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) योजना, २०१६ला ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर ३५० जिल्हे आणि १ लाख स्वयंसेवक असं टार्गेट ठेवलं. वयाची अट १८ ते ४० होती. मला आधार, शाळेचा दाखला, फोटो आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. फॉर्म दोनदा भरावा लागला कारण पहिला कुठल्या टेबलावर गेला ते कुणालाच सांगता येईना, आणि ट्रेनिंगसाठी १२ दिवसांची सुट्टी मिळवणं त्याहून कठीण गेलं, शेवटी निम्मी बिनपगारी घेतली. पण फॉर्म अडकला तर सोडून देऊ नका, दर आठवड्याला जाऊन विचारा, मी तेच केलं.

परळला महापालिकेच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून तोंडाने श्वास देण्यात, ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०च्या वेगाने, आणि छाती ५ सेंटीमीटर तरी खाली गेली पाहिजे. पुतळ्यावर दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून माणसं आलटून पालटून लावायची. गॅस लीक झाला तर लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. बुडणाऱ्याला आधी ओरडून धीर द्यायचा, मग काठी पुढे करायची, मग दोरी नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा, स्वतः पाण्यात उतरणं अगदी शेवटी. सर रोज सांगायचे, तुम्ही बुडालात तर आम्हाला दोघांना काढावं लागेल.

ट्रेनिंग संपल्यावर मला वाटलं झालं, आता तयार. पण घरी आले आणि लक्षात आलं की आमच्याच गल्लीत आज कोण चालू शकत नाही हे मलाच माहीत नव्हतं. बोटी, पंप, एनडीआरएफची बचाव पथकं हे सगळं सरकारकडे आहे, पण अमक्या खोलीत माळ्यावर लकवा झालेले काका झोपलेत हे कंट्रोल रूमला कुठून कळणार, ते आपणच सांगायला हवं.

मग मी आणि आमच्या महिला मंडळाच्या दोघी-तिघी रविवारी खोल्या फिरलो, एकूण ११४. कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कोण गरोदर आहे, रात्रपाळीमुळे कुणाची मुलं घरी एकटी असतात. काही जण चिडले, कशाला पाहिजे म्हणाले, आणि ते बरोबरच आहे, आजार ही खाजगी गोष्ट आहे. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं लिहिलं नाही. यातल्या दोन मावशींनी नंतर स्वतःहून येऊन नाव दिलं. यादी कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये ठेवली, लाइट गेली की मोबाईल किती वेळ टिकणार.

मे महिन्यात वॉर्ड ऑफिसच्या पावसाळापूर्व मीटिंगला ती घेऊन गेलो. त्यांच्या प्लॅनमध्ये पुरात आसऱ्यासाठी आम्हाला महापालिकेची शाळा लिहिलेली होती, पण मी विचारलं चावी कुणाकडे असते, तर रात्री चावी असणारा माणूस राहतो लांब. त्यावर खूप वेळ गेला, पण वॉर्ड ऑफिसच्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात दुसरी चावी शाळेच्या समोरच राहणाऱ्या कामगाराकडे दिली. त्यांनीही आम्हाला एक समजावलं, नुसता पाऊस बघू नका, भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वर भरती असली की मिठीचं पाणी माहीमच्या खाडीत उतरत नाही, ते मागे आपल्याकडेच फुगतं. आणि महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरला फोन करताना 'कुर्ल्यात पाणी भरलंय' म्हणू नका, गल्ली, जवळची खूण आणि किती माणसं अडकलीत ते सांगा.

त्याच जुलैत एका रात्री वापर झाला. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच आम्ही यादीतली ९ माणसं शाळेत नेली, काकांना खुर्चीत बसवून, दोघं मागे एक पुढे. रस्त्यातल्या मॅनहोलजवळ एक मुलगा बांबू धरून उभा केला होता, २०१७ला प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये एक नामवंत डॉक्टर वाहून गेले ते आम्ही विसरलेलो नाही. पाण्यातून चाललेल्या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाठवलं, लेप्टो (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणूनच्या गोळ्या ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्यायच्या असतात.

यादी दर वर्षी मे महिन्यात नव्याने करतो, कारण भाडेकरू बदलतात. यंदा बाकी सगळ्या खोल्या झाल्या, फक्त कोपऱ्यावरच्या दोन राहिल्यात, तिथली माणसं रात्री नऊनंतर येतात, उद्या जेवण झालं की जाऊन येते.